भातावर भात, तोही टोकियोत

सुशी म्हटलं की आपल्या ऑफिसात लगेच दोन गट पडतात. एक 'ईऽऽ, कच्चा मासा!'वाला आणि दुसरा 'मी तर लास्ट वीकेंडलाच खाल्ली'वाला. दुसऱ्या गटाला जरा खोदून विचारा, नक्की काय खाल्लंस? बहुतेक वेळा उत्तर येतं आव्होकाडो, मेयोनीज आणि वर कुरकुरीत टेम्पुराचा चुरा. म्हणजे मासा नावापुरताच! मुंबईच्या ताजमध्ये २००४ साली 'वासाबी' सुरू झालं, तेव्हा सुशी ही पेज थ्री मंडळींची मिरासदारी होती. आता ती मॉलमध्ये मिळते, मोबाइलवरून घरीही येते. साकेचं मात्र अजून कुणाला धड काही माहीत नाही. आणि हो, साके. साकी नव्हे. साकी गझलेत असते, पेले भरते.

तर या वेळचा फंडा असा. टोकियोत एक अख्खा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त सुशी आणि सोबत साके. बजेट वीस हजार येन. रुपया-येनचा भाव रोज हलतो, पण शंभर येनांना पंचावन्न-साठ रुपये धरा. फ्रीलान्सरला एवढी चैन वर्षातून एकदा परवडते. तीही जाम हिशेब करून.

सोबतीला माझा कॉलेजातला मित्र, मूळचा डोंबिवलीकर. सात वर्षं टोकियोत आयटीत आहे आणि निशी-कासाईला राहतो. निशी-कासाई म्हणजे आपल्या मंडळींचं टोकियोतलं ठाणं. वाय-टू-केच्या सुमारास आलेल्या इंजिनिअर्समुळे इथे भारतीय वस्ती वाढत गेली, आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर चक्क निवडून आले. माझा डोंबिवलीकर सुशीतला दर्दी आहे. पण दारूचा थेंब घेत नाही. म्हणजे प्रत्येक घासाला मी साके पिणार, तो हिरवा चहा. तुलनेला यापेक्षा बरी सोय काय असणार?

'अगं, पण मुळात सुशीबरोबर साके कोण पितं?' त्याने सकाळीच तोंड सुरू केलं. 'साके तांदळाची. सुशीत भात. भाताबरोबर भात?'

'आपण वरण-भातानंतर ताक-भात खातोच की!' मी म्हटलं.

पण त्याचा मुद्दा त्याच्या घरचा नाही, जपानमधलाच जुना वाद आहे. तिथल्या अनेक जाणकारांचं म्हणणं असं, की साके घ्यायची ती नुसत्या साशिमीबरोबर, म्हणजे भाताशिवायच्या माशाबरोबर. भात समोर आला की पेला बाजूला सारा आणि चहा मागवा. दिवसभर आमचं भांडण चाललं ते यावरच.

सुरुवात तोयोसुच्या मासळी बाजारातून. जुन्या त्सुकिजीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये इथे आला. त्सुकिजीला बाहेरची छोटी दुकानं अजून आहेत, पण ट्यूनाचा लिलाव बघायचा तर तोयोसुच. लॉटरीत नाव लागलं तर जवळच्या डेकवरून बघता येतं, नाही तर वरच्या मजल्यावरून काचेआडून. आम्ही काचेआड. खाली माणसाएवढे ट्यूना ओळीने मांडलेले. व्यापारी हातात टॉर्च घेऊन शेपटीजवळच्या कापातून मांस उकरतात, बोटांत चोळून चरबी बघतात. आपल्याकडे आंबेवाला देठापाशी नाक लावतो ना, तोच भाव चेहऱ्यावर. याच बाजारात २०१९च्या नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला होता. अर्थात ती किंमत माशाची कमी आणि पहिल्या लिलावाच्या पब्लिसिटीची जास्त.

ब्लूफिन खावा की नाही, हा प्रश्न मी घरून घेऊनच निघाले होते. पॅसिफिक ब्लूफिनचा साठा एके काळी मूळच्या जेमतेम दोन-तीन टक्क्यांवर आला होता. मग कोटा ठरला, पिल्लं पकडण्यावर कात्री लागली, आणि २०२४च्या शास्त्रीय मूल्यांकनात तो वीस टक्क्यांच्या वर गेलेला दिसला. ठरवलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी. मी दिवसभरात दोन तुकडे खायचे ठरवले आणि दोनच खाल्ले. तुम्ही तुमचं ठरवा.

सात वाजता बाजारातच सुशीचा नाश्ता. सकाळी सात वाजता साके? हो. शेजारच्या खुर्चीवर रात्रपाळी संपवून आलेला बाजारातला माणूस शांतपणे आपला पेला संपवत होता, तेव्हा मला संकोच वाटायचं कारण नव्हतं. पहिली जोडी हिरामे, म्हणजे चपटा पांढरा मासा, आणि त्याच्यासोबत निगाताची कोरडी, हलकी, थंड साके. माशाला चव आहे की नाही असं वाटेपर्यंत तो नाजूक असतो. घोट घेतला आणि मागे राहिलेला गोडवा एकदम पुढे आला. एखाद्याने रेडिओचं बटण किंचित फिरवावं आणि स्टेशन लागावं, तसं.

यामागे केमिस्ट्री आहे. थोडी सहन करा. १९०८ साली किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. साकेत ग्लुटामिक आम्ल असतं, माशात इनोसिनिक आम्ल. दोन्ही एकत्र आली की उमामी नुसती बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. दुसरी गोष्ट लोहाची. वाईनबरोबर मासा कधी कधी उग्र, हिमसा लागतो. वाईनमधलं लोह त्याला कारणीभूत असल्याचं जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं. साकेत लोह फार थोडं असतं, ते साके बनवणारे मुद्दाम टाळतात. म्हणून इकुरा, म्हणजे सामनची अंडी, वाईनबरोबर तोंड वाकडं करायला लावते आणि साकेबरोबर मुकाट बसते.

नंतर दुपारपर्यंत काही नाही. पाणी आणि भटकंती. पाण्याचं मनावर घ्या. साके पंधरा-सोळा टक्क्यांची असते, बिअरच्या तिप्पट, आणि इतकी सौम्य लागते की पत्ताच लागत नाही. जपानी लोक साकेसोबत पाण्याचा ग्लास ठेवतात, त्याला 'यावारागी-मिझु' असं खास नाव आहे. जितकी साके तितकं पाणी. हा नियम मी दिवसभर पाळला, नाही तर हा कॉलम अर्ध्यातच संपला असता.

जेवायला काइतेन, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरची सुशी. ही आयडिया योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ती सुचली आणि १९५८ साली त्यांनी ओसाकाजवळ पहिलं दुकान काढलं. हल्ली बऱ्याच ठिकाणी पट्टा मोकळा फिरत नाही. २०२३च्या सुरुवातीला एका पोराने दुकानातली सोया सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला आणि हाहाकार झाला, तेव्हापासून अनेकांनी स्क्रीनवर ऑर्डर आणि थेट तुमच्या टेबलाशी थांबणारी बशी असा मामला केलाय. मजा थोडी कमी झाली. पण बश्या स्वस्तच आहेत, दोघांचं पोट तीन हजार येनांत भरलं.

इथे मी सामन मागवला आणि डोंबिवलीकराने भुवई उंचावली. 'हे टुरिस्टांचं.' खरं तर कच्च्या सामनची सुशी ही जपानी परंपराच नव्हे. परजीवींच्या भीतीने जपानी माणूस तो कच्चा खात नसे. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतला सामन उदंड झाला, त्यांनी तो जपानला कच्चा खायला शिकवला. मार्केटिंग म्हणतात ते हे! आज शेजारच्या टेबलावरची शाळकरी पोरं सामनच मागवत होती. त्याच्या तेलकटपणाला माझी साके मात्र पुरी पडली नाही. तिथे चहा जिंकला, हे लिहून टाकते.

या टेबलावर बसूनच त्याने त्याची गोष्ट सांगितली. वडील माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. टोकियोत पहिलं वर्ष त्याने काप्पा-माकी, म्हणजे काकडीच्या सुशीवर काढलं. शिवाय इनारी, ती तळलेल्या टोफूच्या पिशवीतली गोडसर सुशी. मग कळलं की इनारीची पिशवी ज्या पाण्यात शिजवतात त्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो. तुमच्यातले कट्टर व्हेज लोक जपानला जाणार असतील तर 'दाशी' हा शब्द पाठ करून जा. सूप, आमलेट, सॉस, सगळीकडे तो लपलेला असतो.

'मग सेक्शनची वेलकम पार्टी,' तो म्हणाला. 'साहेबांनी स्वतः बाटली उचलून माझा पेला भरला. सगळे बघतायत. काय करणार?'

'काय केलंस?'

'ओठाला लावला आणि काठोकाठ भरलेला तसाच ठेवला. तीन तास. पेला भरलेला असला की कुणी ओतत नाही.'

ही युक्ती कापून ठेवा. जपानमध्ये आपली आपण ओतून घ्यायची पद्धत नाही, समोरच्याने ओतायची. म्हणजे टेबलावर प्रत्येक जण दुसऱ्याचा साकी! आणि पेला रिकामा दिसला की कुणी तरी ओतणारच. आता तिथेही दारूचा आग्रह ही दादागिरी मानली जाते, नव्या पोरांना सरळ नाही म्हणता येतं. सात वर्षांपूर्वी नव्या परदेशी पोराला ते जड होतं. आपल्या ऑफिस पार्ट्यांमध्ये आजही आहे, नाही का?

'आणि मासा?'

'तो मी दोन वर्षांनी खाल्ला. एकटा गेलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं.' मग थोडं थांबून, 'मासा माझा मी ठरवला गं. दारूचं दुसरेच ठरवत होते, म्हणून राहिली.'

बाबांना सांगितलंयस का, मी विचारलं. नाही. दिवाळीत घरी जाणार आहे, तेव्हा सांगणार. गेल्या दिवाळीतही हेच ठरलं होतं. त्याने पुढची बशी उचलली. शिमे-साबा होती, म्हणजे मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला बांगडा. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच.

चार वाजता आम्ही एका काकु-उचीत. काकु-उची म्हणजे दारूच्या दुकानातच एका कोपऱ्यात उभ्याने प्यायची सोय. बाटल्यांचे क्रेट उलटे घालून केलेली टेबलं, खायला डबाबंद मासे आणि शेंगदाणे. माझ्या मते साके शिकायची याहून चांगली जागा नाही. फाइव्ह स्टार बारमध्ये मेन्यू कार्ड मिळतं, इथे दुकानाच्या आजी मिळतात. सत्तरी उलटलेल्या. मी काय मागते याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही, आधी विचारलं, रात्री काय खाणार?

सुशी, म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली दाइगिंजोची बाटली काढून परत फळीवर ठेवली. दाइगिंजो म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी उरवायचा आणि त्याची साके करायची. महाग असते, केळं-सफरचंदासारखा वास येतो. 'तो वास भाताच्या व्हिनेगरशी भांडतो,' आजी म्हणाल्या, म्हणजे डोंबिवलीकराने तसं भाषांतर केलं. त्यांनी जुनमाई दिली. तांदूळ, पाणी आणि कोजी नावाची बुरशी, वरून मद्यार्क नाही. शिवाय लेबलवर एक आकडा दाखवला. अधिक असेल तर कोरडी, उणे असेल तर गोडसर. बास, एवढ्यावर तुम्ही दुकानात शहाणे दिसाल.

मग गरम करण्याचा प्रकार. गरम साके म्हणजे हलक्या मालाचा वास झाकायची युक्ती, असं आपल्याकडे कुणी तरी पसरवलंय. साफ खोटं. इथे पाच-पाच अंशांना वेगळं नाव आहे. पाच अंशांची 'बर्फगार', पस्तिसची 'अंगाइतकी', चाळीसची 'कोमट'. आजींनी एकच साके आधी गार आणि मग चाळीसला आणून दिली. गार असताना काकडीच्या पाण्यासारखी, कोमट झाल्यावर नुकत्याच उतरवलेल्या भातासारखी. बाटली तीच!

त्यांच्या दुकानात आम्ही धरून सहा माणसं, चार पन्नाशीपुढची. जपानमध्ये साकेचा खप १९७३ साली सर्वांत जास्त होता, आता त्याच्या पावपटीच्या आसपास उरलाय. तरुण मुलं हायबॉल पितात किंवा पीतच नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने साके बनवण्याच्या पारंपरिक विद्येला वारसा म्हणून मान दिला आणि पुढच्याच वर्षी तांदूळ कडाडला. २०२५च्या वसंतात पाच किलोची पिशवी चार हजार येनांच्या वर गेली, आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. शेतकरी म्हणतो, साकेचा नाजूक तांदूळ कशाला पिकवू, जेवणाचाच लावतो. कारखाने अडकले, बाटली महागली. आजींचा मुलगा ओसाकात नोकरी करतो, दुकान घेणार नाही. त्यांनी हे सगळं पेले पुसत पुसत सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता. मी मात्र ७२० मिलीची एक बाटली घेतली. बजेट मोडून.

संध्याकाळी र्योगोकु. हा सुमोचा भाग, पण सुशीवाल्यांची पंढरीही हीच. आज आपण जिला सुशी म्हणतो त्या निगिरीचं श्रेय सहसा ज्याला देतात, त्या हानाया योहेइचं दुकान १८२०च्या दशकात इथे होतं. आता फक्त फलक आहे. त्याआधीची सुशी म्हणजे महिनोन् महिने भातात मुरवलेला मासा. भात नंतर फेकून देत. बिवा तलावाकाठी ती अजून मिळते, वास सोसणाऱ्यांसाठी. योहेइच्या काळात भाताला व्हिनेगर लावला, वर मासा ठेवला आणि झटपट हातात दिलं. गाडीवरचं खाणं. त्या काळचा वडापावच! आकारही आजच्या दुप्पट-तिप्पट असे.

आणि आता माझा हुकमाचा एक्का. हा व्हिनेगर कशाचा? १८०४ साली हांदा गावच्या माताझाएमोन नाकानो नावाच्या साकेवाल्याने साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतला. लालसर, स्वस्त, गोडसर. तो जहाजांनी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊ लागला आणि तिथल्या सुशीवाल्यांनी उचलून धरला. म्हणजे सुशीच्या भातात साके आधीपासूनच आहे! मी हे ऐकवल्यावर डोंबिवलीकर म्हणाला, 'म्हणूनच वरून आणखी नको.' आता बोला.

आठ खुर्च्यांचं काउंटर, तोच लाल व्हिनेगरचा भात. बसल्या बसल्या दोघांपुढे पेले आले. याने आपला पेला उलटा केला. पलीकडच्या काकांनी एक शब्द न बोलता तो उचलला आणि चहा ठेवला. माझ्यासाठी आजींनी सांगितली तशी कोमट जुनमाई मागितली. आधी माकूळ, मग कोहादा. हा बोटभर रुपेरी मासा मीठ-व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचा, यावर म्हणे काउंटरवाल्याची लायकी ठरते. आंबट माशाला आंबटसर साके मिळाली आणि दोघांची धार गेली. सोयात मुरवलेला लाल ट्यूना, हा माझा पहिला ब्लूफिन. मग दुसरा, पोटाकडचा चरबीवाला. गार साकेने ती चरबी टाळ्याला चिकटून बसते. कोमट घोटाने ती विरघळून गेली आणि तोंड पुन्हा कोरं. या घासाला मी चहावाल्याकडे नुसतं बघितलं. 'मान्य,' तो म्हणाला. पुढे आनागो आला, म्हणजे वामेचा भाऊबंद, वर गोड दाट सॉस. त्याच्याबरोबर काकांनी स्वतःहून अंगठ्याएवढा पेला दिला. कित्येक वर्षं मुरलेली, मधाच्या रंगाची साके. काकवीची आठवण झाली.

शेवटी अंड्याचं गोड आमलेट. तेव्हा मीही चहाच घेतला.

हिशेब? सकाळचा नाश्ता साडेतीन हजार, दुपारी माझे दीड, आजींकडे एक हजार, रात्रीचं काउंटर साकेसकट साडेबारा. साडेअठरा झाले. वर बाटलीचे अडीच. म्हणजे हजाराने बजेटबाहेर, आणि गाडीभाडं त्याने भरलं ते वेगळंच.

दोन सूचना. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी न भरता आणता येतं, पण 'नामा' लिहिलेली बाटली घेऊ नका. ती पाश्चराइज केलेली नसते, फ्रिजबाहेर बिघडते. दुसरं, इथल्या बाजारातला मासा घरी कच्चा खायच्या फंदात पडू नका. कच्चा खायचा मासा वेगळा हाताळलेला, परजीवी मरावेत म्हणून बहुधा गोठवलेला असतो. माझी बाटली मी मागच्या रविवारी बोंबील फ्रायबरोबर उघडली, चाळीस अंशांवर, पातेल्यातल्या गरम पाण्यात उभी करून. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पेल्याला नाक लावलं आणि म्हणाली, 'एवढ्या लांबून पेज आणलीस होय?'